तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. सकाळी सात.

आजपासून मोबाईलमध्ये बोलून ठेवायचं. नातसून दिशाने दाखवलं, माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. म्हणाली, आजी, लॉक लावून देऊ का? म्हटलं, नको. ज्यांना वाचता येतं त्यांना माझ्यात रस नाही, आणि मला रस आहे तर वाचता येत नाही. यापेक्षा पक्कं कुलूप कुठलं?

बातमी अशी, की मी अध्यक्ष झाले. तक्रार निवारण समितीची.

नातू अमोल द्राक्षं परदेशी पाठवतो. कंपनीचं नाव पुंजाबाबा फ्रेश. पुंजा म्हणजे माझे मालक. ते होते तोवर त्यांचं नाव मी तोंडातून काढलं नाही, आता दर खोक्यावर छापलंय. तर जर्मनीच्या गिऱ्हाइकाने कळवलंय, आमच्याकडे कायदा झाला, माल कुणाच्या हातून येतो, त्या हातांचे हाल तर होत नाहीत ना, सगळं दाखवा. नाही दाखवलं तर यंदा माल नको. याला म्हणतात ड्यू डिलिजन्स. मी आधी डिलिव्हरी ऐकलं. फार चूक नाही. यालाही पुण्याहून मॅडम येणार आहे आणि अमोल तसाच येरझाऱ्या घालतोय.

आमच्या घराजवळ, इंदिरानगरातच राजसाहेबांचं ऑफिस आहे, ते अशा तपासणीसाठी कंपन्या तयार करून देतात. विचारलं, नवरीला करतात तशा? म्हणाले, आजी, जवळपास तसंच. खरं बोलणारा माणूस.

त्यांनीच अमोलला सुचवलं, अध्यक्ष आजींना करा, त्यांना वाचता येत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बरोबर आहे. वाचणारा कागद बघतो, मी माणूस बघेन.

ठराव. रोज बागेत जायचं. कुणावर ओरडायचं नाही. कुसाबाईवर दुपारनंतर चालेल.

६ ऑक्टोबर, सोमवार.

तक्रारपेटी लागली. लाल. किल्ली माझ्या कमरेला, कपाटाच्या किल्लीशेजारी. संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडली. रिकामी! एक्केचाळीस बायका आणि एक तक्रार नाही. राज म्हणत होते, विश्वास बसायला महिने जातात. माझ्यावर एका दिवसात बसला.

पुतळाबाई म्हणाली, आजी, आमच्यात लिवता कुनाला येतं? जन्माची वाकडी. म्हटलं, मग तक्रारच नाही ना. सगळ्या हसल्या. खेळीमेळीचं वातावरण आहे. राजला सांगून ठेवलं, खेळीमेळी फायलीत घ्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी.

छाटणी झालेल्या बागेत पेस्ट सुरू. छाटलेल्या काडीच्या एकेका डोळ्याला फडक्याने औषध लावायचं, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. औषध जहाल. डोळा फोडायचा म्हणजे जहालच पाहिजे.

कुसाबाई आली. ही हरसूलकडची, बावीस वर्षं आमच्याकडे. मी तिला पोटच्या लेकीसारखी मानते. भाकरी तिची ती आणते.

हात दाखवले. वर्षानुवर्षं पेस्ट लावून बोटांची कातडी गेलीय, अंगठा झिजलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत. रेशनच्या मशीनला तो समजत नाही म्हणे. दोन महिने धान्य नाही, घरात दोन नातवंडं. दुकानदार म्हणतो डॉक्टरचा दाखला आण. डॉक्टर म्हणतो, हाताला काय लागतं ते कामावरून लिहून आण, मग औषध देतो आणि दाखलाही देतो. तर तिला एक चिठ्ठी पाहिजे. ही बाई आमच्याकडे पेस्ट लावते, पेस्टमध्ये अमुक असतं. एवढीच.

म्हटलं, पद्धतशीर पेटीत टाक. म्हणाली, मला लिवता येत नाय. म्हटलं, मलाही येत नाही, मी अध्यक्ष झालेच ना? तिने हात पदराखाली घेतले. मुद्दा पटला असावा.

तोंडी तक्रार नोंदवून घेतली. डोक्यात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

राजला चिठ्ठीचं विचारलं. म्हणाले, ऑडिट होईपर्यंत असा कागद बाहेर जाता कामा नये, नंतर बघू.

कुसाला सांगितलं, चिठ्ठी मंजूर आहे, फक्त नंतर. म्हणाली, नंतर म्हंजी कधी? या लोकांना घाई फार.

समितीचा पहिला निकाल. एका दिवसात! कोर्टाला वर्षं लागतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

हातमोजे आले. निळे, कोपरापर्यंत, एक्केचाळीस जोड. बायकांना रांगेत उभं करून वाटले, राजने फोटो काढले, परत गोळा केले. ऑडिटच्या दिवशी नवेच दिसले पाहिजेत. शिवाय हातमोज्यात काम सावकाश होतं, अमोल म्हणतो डोळे मागेपुढे फुटतील. सगळे माझ्या कपाटात, पैठणीखाली.

कुसा म्हणाली, आजी, एक जोड ठिवा ना मला. अध्यक्षाने भेदभाव करायचा नसतो. एकीला दिला तर चाळीस जणींवर अन्याय. घरचं खोबरेल दिलं, वाटीभर. वाटी परत आण म्हटलं.

रात्री शांत झोप लागली. न्यायाने वागलं की लागते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

ट्रेनिंग. राजने प्रश्न दिले, उत्तरं मी बसवून घेतली. नाटकाची तालीम घेतात तशी. मॅडम विचारेल, हातमोजे मिळतात का? म्हणायचं, मिळतात. काम मर्जीने करता का? मर्जीने. तक्रार केली तर कुणी ऐकतं का? आजी ऐकतात.

पुतळाबाई म्हणाली, आन् रंग इचारला तर? मोजे कुनाच्या ध्यानात हायेत, फोटोपुरते तर व्हते. बरोबर बोलली, अधूनमधून बोलते. घरून एक जोड आणून लांबून दाखवला. निळा, निळा, निळा, तीनदा म्हणवून घेतलं.

मग म्हणाली, हातात चार दिस राहू दिले तर पाठ नाय करावं लागायचं. सगळ्या हसल्या. मीही हसले. अध्यक्षाने थट्टा सहन करावी.

कुसाला बाजूला घेतलं. म्हटलं, तू सगळ्यांत जुनी, मॅडम तुलाच विचारणार. नीट बोललीस तर चिठ्ठी दुसऱ्या दिवशी. तिने माझ्या पायाला हात लावला. खरखरीत हात. नंतर पाय धुतले, पेस्ट कुठे कुठे लागते सांगता येत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी.

घोटाळा. प्रत्येक बाईच्या नावाचे चार कागद आहेत. ट्रेनिंग मिळालं, हातमोजे मिळाले, मर्जीने आले, तक्रार नाही. चारींवर अंगठा पाहिजे. बायका दिवाळीला गावी गेल्यात, कुसा धरून सहाच आल्या. त्या सहा जणींचे अंगठे घेतले तर कागदावर नुसते डाग. रेघ नाही, काही नाही. जांभूळ चिरडल्यासारखे. राजने कपाळाला हात लावला. म्हणाले, हे मॅडमने पाहिलं तर पहिला प्रश्न हाच. ते सहा जणींचे कागद फाडून टाकले, नवे ठेवले. संध्याकाळपर्यंत काहीतरी करा म्हणाले आणि गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

केलं.

मला आधीच सुचायला हवं होतं. बँकेतला माणूस मागे म्हणालाच होता, आजी, तुमच्यासारखा स्वच्छ अंगठा बघितला नाही. एकूण एक रेघ उठते. देवाने अक्षर दिलं नाही, अंगठा दिला. आणि मी अध्यक्ष, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मीच की.

एक्केचाळीस जणी, चार चार कागद. दिशाचा शाईचा पॅड संपला. कुसाबाईचे चार मुद्दाम सावकाश, नीट दाबून उठवले. तिला आयुष्यात इतका चांगला अंगठा मिळाला नव्हता.

राजने फाइल चाळली, म्हणाले, वा, सगळे स्पष्ट आलेत. कसे, ते विचारलं नाही. हुशार माणूस.

३ नोव्हेंबर, सोमवार. ऑडिट.

मॅडमचं नाव रूपाली. साधी साडी, नजर दाभणासारखी. बायका निळे मोजे घालून उभ्या. पेटी उघडून दाखवली, रिकामी. मॅडम म्हणाल्या, कधीच काही आलं नाही? म्हटलं, येऊच देत नाही. कौतुकाने लिहून घेतलं.

मग कुसाला विचारलं. पोरीने नाव काढलं! मोजे मिळतात, निळे. मर्जीने येते. तक्रार नाय. आजी ऐकतात. एक शब्द चुकली नाही. मॅडम म्हणाल्या, मोजे काढून हात दाखवा बरं. कुसाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, थंडी वाजती मॅडम. भर दुपारी! पण म्हणाली हे महत्त्वाचं.

शेवटी फाइल. मॅडम बराच वेळ कागद उलटत राहिल्या. एकावर एक धरून उजेडाला लावले. मला म्हणाल्या, आजी, या कोऱ्या कागदावर तुमचा अंगठा द्याल का? आनंदाने दिला. त्यांनी तो बाकीच्यांशेजारी ठेवला. म्हणाल्या, सगळे एकसारखे आहेत. म्हटलं, आमच्या बायका एका वळणाच्या आहेत, मीच लावलंय.

अमोल खुर्चीत बसला. इतका वेळ उभाच होता बिचारा.

मला वाटतं, पास.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

अमोल जेवायला आला नाही. दमला असेल. कुसा चिठ्ठीसाठी बागेत वाट बघत होती म्हणे, मी घरी पूजेत होते. तीन तास पूजा केली.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

मान मिळाला. राज घरी आले, कागद वाचून दाखवला. ऑडिटमध्ये काही सापडलं की कंपनीने सुधारणेचा आराखडा द्यायचा असतो, त्यात मूळ कारण लिहावं लागतं. मूळ कारण, नवसाबाई पुंजा. माझं नाव पहिल्या ओळीत! अमोलचं नाही, राजचं नाही. मूळ मीच. हे सगळं माझ्यापासूनच सुरू झालं, त्यांनी दोघांनी आता लेखी मान्य केलं.

पुढे काय काय होतं, कंपनीस कल्पना नव्हती, तत्काळ दूर करण्यात आले, वगैरे. सरकारी भाषा. कुणाला दूर केलं ते विचारायचं राहिलं. अंगठा दिला. राज म्हणाले, आजी, हा तुमचाच ना? थट्टेखोर आहे.

अमोल उठून गच्चीवर गेला. भारावला असावा.

८ नोव्हेंबर, शनिवार.

बागेत गेले तर सगळी तोंडं नवी. ठेकेदाराची टोळी. ठेकेदाराने आणलेली माणसं कंपनीच्या कागदावर येत नाहीत, म्हणजे त्यांचे हात दाखवावे लागत नाहीत, असा राजचा तोडगा. आमच्या एक्केचाळीस जणींना कामाला येऊ नका म्हणून सांगितलं. मला कुणी विचारलं नाही. पेटीही दिसली नाही. रंगवायला नेली असेल.

नव्या बायका उघड्या हातांनी पेस्ट लावत होत्या. एकीने विचारलं, म्हातारे, तू कोन? सांगितलं, अध्यक्ष. ती शेजारणीला म्हणाली, सरक गं, अध्यक्षांना वाट दे. दोघी खूप हसल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.

कुसाबाई आली. हरसूलहून दोन गाड्या बदलून, इंदिरानगरात पत्ता विचारत. घर तिने कधी बघितलं नव्हतं. काम गेल्याचं बोललीच नाही. म्हणाली, आजी, तेवढी चिठ्ठी.

तिला जिन्यात बसवलं आणि अमोलकडे गेले. म्हटलं, एक ओळ लिहून दे. ही बाई बावीस वर्षं आमच्याकडे पेस्ट लावत होती. तो म्हणाला, कोण बाई? म्हटलं, कुसा. लहानपणी तुला बोटाला धरून बागेत फिरवायची ती. म्हणाला, आजी, हजेरी आपण कधी लिहिली नाही, तोंडीच होती. तिच्या नावाचे आयुष्यात चार कागद झाले, त्या चारींवर तुझा अंगठा. ते खोटे म्हणून रद्द झाले. आता ती आपल्याकडे होती असं मी लिहिलं, तर मॅडम विचारणार, मग तिचा अंगठा कुठाय? माझ्याकडे कागदाने ती बाई कधी नव्हतीच.

म्हटलं, तिचे डाग उठले होते, ते तरी तिचेच होते. म्हणाला, ते फाडले ना तुझ्यासमोर.

मग म्हणाला, आणि तू दूर झालीस, माहीत आहे ना? मूळ कारण म्हणजे चूक कुणाची ते, आजी. मान नव्हे.

खाली आले. कुसाला म्हटलं, चिठ्ठी नाही मिळत, पण काळजी करू नकोस, मी येते तुझ्या गावाला, रेशनच्या मशीनला माझा अंगठा देते. ती म्हणाली, आजी, तुमचा अंगठा लय चालला. आता राहू द्या.

म्हटलं, डॉक्टरचा नंबर दे, मी सांगते, मी डोळ्याने बघितलंय. तिने मोबाईल पुढे केला, दिशाने लावून दिला. पलीकडून माणूस म्हणाला, आजी, तुम्ही खरंच सांगताय, पण बोललेलं चालत नाही. लिहून पाठवा.

कुसा म्हणाली, मंग मी कुठं काम केलं बावीस वर्सं? मला विचारत नव्हती बहुतेक. रस्त्याकडे बघून म्हणाली.

जायला निघाली. पाण्याची बाटली पिशवीतून काढली, दोन्ही मनगटांत धरली. झाकण बोटांनी फिरेना. मी उघडून दिलं. प्यायली. पुन्हा लावूनही दिलं.

एवढंच केलं.