माझं पिस्तूल भाचीला न देण्याबाबत

लिहून ठेवते मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कपडे शिवणे, अविवाहित, ती अशी: माझी शुद्ध शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांच्या कोटाची एक बाही माझ्या हातून आखूड झाली होती, तरी दिला. तेव्हा तो निःपक्षपाती मानावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. भांडणाच्या भरात तोंडी वाटून टाकलेल्या सगळ्या वस्तू मी या लेखाने परत घेते.

कलम एक. दुकान, दुकानामागची खोली, दोन्ही शिलाई मशिनं, मोठी कात्री आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या भाचीला मिळावं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, गेल्यापासून ती माझ्याजवळच वाढली आणि आता दुकानही निम्मं तीच चालवते. कात्रीने तिने कागद कापू नये. कापला, तर मी परत येईन असं समजावं.

कलम दोन. उभा आरसा बँकेतल्या मॅनेजरीणबाईंना द्यावा. त्यात त्या बारीक दिसतात, असं त्यांचं ठाम मत आहे. आरसा किंचित मागे कलता ठेवल्यामुळे तसं होतं, हे त्यांना कोणी सांगायला जाऊ नये.

कलम तीन. पिस्तूल. शेजारपाजाऱ्यांच्या माहितीसाठी लिहिते की, हे हवेच्या दाबावर चालणारं, दहा मीटरवरून कागदावर नेम धरायचं स्पर्धेचं पिस्तूल आहे. चोर आला तर माझी इस्त्री जास्त कामाची.

ते कसं घेतलं हे सांगणं भाग आहे, कारण पुढची वाटणी त्यावरच आहे. पन्नाशी उलटल्यावर मला आणि माझ्या धाकट्या भावाला, धंदा टायरविक्री, हा नाद एकदमच लागला. काही दिवस क्लबची पिस्तुलं वापरली, मग आपापलं घ्यायचं ठरवून दोघं दुकानात गेलो. धाकट्याने पाऊल टाकताच भिंतीवरच्या विजेत्याच्या फोटोकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या हातात आहे ना, ते द्या."

"मूठ कुठल्या मापाची?" दुकानदाराने विचारलं. या पिस्तुलाची मूठ लाकडी असते, ती लहान, मध्यम, मोठी अशी येते आणि पंज्याला अगदी चपखल बसावी लागते.

"मोठी."

मी म्हटलं, "अरे, आपला दोघांचा पंजा बाबांवर गेलाय. मध्यम बघ."

"मध्यम? पुरुषाच्या हाताला? आणि ताई, जरा सैल घेतलेलं बरं. आत घ्यायला राहतं."

आमचे बाबा शिंपी. लहानपणी आम्हाला सगळे कपडे वाढत्या अंगाचे मिळाले, त्याचा हा परिणाम. त्या वयात पंजा वाढत नाही, हे त्याला मूठ घरी आणल्यावर कळलं. मग त्याने ती पॉलिश पेपरने घासली. जास्तच घासली. मग तिच्यात रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरली, पुन्हा घासली, पुन्हा भरली. आज ती मूठ भरलेल्या दाढेसारखी दिसते.

मी दुकानात बैठकच मारली. एकेक पिस्तूल हातात घ्यायचं, डोळे मिटून हात उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपसूक येऊन बसलेली दिसली, तर ते आपलं. मनगट वळवून बसवावी लागली, तर ते दुसऱ्या कुणाचं. दुकानदार आधी हसला, मग कंटाळला, मग शटर अर्धं खाली ओढून माझ्यासमोर बसला. शेवटी एक सापडलं. दिसायला सगळ्यांत सुमार, कुठल्याही फोटोत नसलेलं. तेव्हापासून क्लबात धाकटा माझ्या खालीच असतो. बंद हॉलमध्ये वाऱ्याला दोष देणारा नेमबाज मी तो एकच पाहिला.

कलम चार. हे पिस्तूल भाचीला देऊ नये.

हे ऐकून तिचा चेहरा पडेल, म्हणून कारण लिहिते. पोरगी आम्हा दोघांपेक्षा कितीतरी सरस आहे. देशाच्या संघाची निवड स्पर्धा तोंडावर आली आहे आणि ती माझंच पिस्तूल घेऊन बसली आहे. तिचा पंजा अरुंद, बोटं लांब. बापावर गेली आहे. माझ्या मुठीत नेम धरायला तिला मनगट मुरडावं लागतं. सुरुवातीला निभतं. शेवटी हात थकला की छर्रे डावीकडे सरकू लागतात आणि मी मागे बसून ओठ चावते. कितीदा सांगितलं, आपलं आपण बघून घे.

"मावशी, तुझंच बरं. सवय झालीय मला."

"सवय काय, चावणाऱ्या बुटाचीही होते!"

पण ऐकेल तर शपथ. माझ्यावरच्या मायेने ती ते धरून बसली आहे, हे मला दिसतं. त्या मायेपायी तिची निवड हुकली, तर मला मेल्यावरही चैन पडणार नाही. मी ते तिच्या नावे केलं, तर ती जन्मभर खाली ठेवणार नाही. म्हणून ते धाकट्याला द्यावं. अट एकच: त्याने क्लबात चार लोकांसमोर ते हातात धरावं आणि आपला पंजा मध्यम असल्याचं मोठ्याने कबूल करावं.

कलम पाच. भाचीने कलम एकमधल्या पैशातून आधी स्वतःचं पिस्तूल घ्यावं. घ्यायला जाताना मामाला सोबत नेऊ नये.

पुरवणी. वरील मजकूर आज वकीलसाहेबांना बोलावून सर्वांसमोर वाचून दाखवला. धाकट्याने "मध्यम" या शब्दाला हरकत घेतली, ती फेटाळली. भाची रडू लागली. मी रागावले, तर उठली आणि कापडाच्या ताग्यांमागून एक पेटी घेऊन आली.

"मावशी, मी घेतलंय गं माझं. कधीच घेतलंय. तू नसतेस तेव्हा ह्याच्यावरच सराव करते."

"आणि मी असते तेव्हा?"

"तेव्हा तुझं. तुला वाईट वाटेल म्हणून."

"तू होतास का रे हिच्याबरोबर?" मी धाकट्याला विचारलं.

"होतो. पण तिने मला दुकानाबाहेर बसवलं."

मी तिचं पिस्तूल हातात घेऊन पाहिलं. मला ते मुळीच बसलं नाही. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. स्पर्धेला ती हेच नेणार आहे, तसं तिच्याकडून सर्वांदेखत वदवून घेतलं. कलम चार कायम ठेवते. धाकट्याची आता सुटका नाही.

साक्षीदार म्हणून त्याला बसायचं होतं. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये, असं वकीलसाहेबांनी सांगताच त्याने पेन चटका बसल्यासारखं खाली ठेवलं.

शेवटचं कलम, भाचीसाठी. स्पर्धेआधी किंवा स्पर्धा चालू असताना माझं काही बरंवाईट झालं, तर तिने नेमबाजांची रांग सोडून येऊ नये. कुणी तिला निरोपही देऊ नये. शेवटचा छर्रा सुटू द्यावा, मग सावकाश यावं. तोवर मला ठेवावं. मी थांबेन.

सही: भाचीची मावशी, धाकट्याची ताई
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, शेजारचे किल्ल्या बनवणारे
स्थळ: दुकानामागची खोली, कापड बेतायचं टेबल
तारीख: निवड स्पर्धेआधीचा सोमवार