लाल तिखटाचा उमेदवार

३ डिसेंबर
अर्ज भरला. अपक्ष. दुकानासमोरची गटार गेल्या दिवाळीपासून रस्त्यावरून वाहते आहे आणि आमचे नगरसेवक तोताराम आबा निवडून आल्यापासून पुण्यात राहतात. कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं. आजपासून रोज पांढरा शर्ट. चिडायचं नाही. पत्रकारांना मोकळेपणाने भेटायचं.

खरं कारण फक्त इथे लिहितो. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा सोडून जळगावात चष्म्याचं दुकान टाकलं त्याला सत्तावीस वर्षं झाली. निम्म्या शहराच्या नाकावर मी दिलेली फ्रेम आहे. बायको मोहिनी याच जळगाव जिल्ह्यातली, बोदवडची. मुलगी भूमिका इथेच जन्मली. तरी लग्नाकार्यात माझी ओळख करून देतात ती 'हे धुळ्याकडचे' अशीच. एकदा या गावाने मला आपला म्हणावं, एवढंच हवंय. सोबत नगरसेवकपद मिळालं तर मी नाही म्हणणार नाही.

४ डिसेंबर
पेपरात उमेदवारांची बातमी. आबांचा फोटो तीन कॉलमात. शेवटच्या ओळीत 'इतर चौघांनीही अर्ज दाखल केले.' त्या इतर चौघांतला एक मी. मोहिनी म्हणाली, तुमचं नावच नाही. तिला मीडिया कळत नाही. नाव राखून ठेवलंय. याला सस्पेन्स म्हणतात.

७ डिसेंबर, रात्री
'खणखणीत खान्देश' या यूट्यूब चॅनेलचे योगराज दुकानात आले. पाऊण तास बोललो. गटारीचा नकाशा भिंतीवर लावून दाखवला. नळाला पाणी कधी येतं आणि कधी येत नाही, सगळं सांगितलं. योगराज मान डोलवत होते. जाताना डोळेही तपासून घेतले. अभ्यासू माणूस.

संध्याकाळी व्हिडिओ आला. सुरू होतो न होतो तोच संपतो. त्यात मी 'माइक चालू आहे ना?' असं विचारतो आणि पाणी पितो. वर शीर्षक: 'धुळ्याचं पार्सल जळगावकर स्वीकारणार का?' मागे ढोल वाजतोय. त्याच्याच खाली आबांचा व्हिडिओ. आबा आमच्याच गटारीच्या काठावर हात मागे बांधून उभे, शीर्षक: 'भूमिपुत्र रस्त्यावर उतरला.' पुण्याहून उतरले होते, ते राहून गेलं असावं.

मोहिनीचा चेहरा उतरला. मी तिला माझ्या शीर्षकातलं प्रश्नचिन्ह दाखवलं. प्रश्नचिन्ह असलं की पत्रकारिता निष्पक्ष असते. आबांना तेवढंही मिळालं नाही.

११ डिसेंबर
चिन्हवाटप. चष्मा मागितला होता, फुगा मिळाला. वर जाणारी वस्तू आहे. शुभ.

शेजारचे गादीवाले युसूफभाई दुकानात येऊन बसले. म्हणाले, नवलभाई, ये पार्सल का दाग धोना है तो भरीत पार्टी करो, यहाँ जो भरीत की पंगत में बैठा वो अपना हो गया. पटलं. थंडी आहे, वांगी आली आहेत, आणि मोहिनीच्या काकांचं, बन्सीलाल नानांचं, शेत नशिराबादला आहे. मोहिनी म्हणाली, करा, पण भरताला तुम्ही हात लावायचा नाही. मान्य केलं.

१५ डिसेंबर, रात्री
पार्टी यशस्वी.

मोहिनीने सगळं तिच्या माहेरच्या पद्धतीने केलं. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजली, लाकडी मुसळाने कुटली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. पंगत बसली. प्रभागातले शंभरेक लोक, झाडून सगळे पत्रकार. मग योगराजांनी कॅमेरा कढईकडे वळवला आणि मला वाटलं, उमेदवार कुठेतरी दिसायला हवा. कालथा हातात घेतला. खिशात धाकट्या भावाने, गिरधरने, दोंडाईचाहून पाठवलेल्या लाल तिखटाची पुडी होती. आमच्या मिरचीचं नाव सगळीकडे आहे. सगळी पुडी कढईत रिकामी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, हा माझा पर्सनल टच.

पंगत एकदम शांत झाली. लोक भारावले होते. नानांनी कढईत वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, जावई, भरताले लाल तिखट? मग ताट बाजूला सारून हात धुवायला गेले. वयोमानाने त्यांना तिखट सोसत नसणार.

१६ डिसेंबर
पहिल्या पानावर. माझं पूर्ण नाव, फोटोसकट. फोटोतल्या पुडीभोवती लाल वर्तुळ काढलंय. 'भरतात लाल तिखट! बाहेरच्या उमेदवाराने जळगावच्या अस्मितेला डिवचलं?' पुन्हा प्रश्नचिन्ह. मोठे पेपरही निष्पक्ष आहेत तर. पान फ्रेम करून दुकानात लावणार होतो, पण मोहिनीने त्यावर मेथी निवडली.

१७ डिसेंबर
चिडायचं नाही असं ठरलं असल्यामुळे चिडलो नाही, फक्त खुलासा दिला. दोन पानं. त्यातलं पावणेदोन पान गटारीवर. शेवटी एक ओळ, की तिखट चिमूटभरच होतं. हे खोटं आहे, पण राजकारणात एवढं चालतं.

१८ डिसेंबर
'चिमूटभरच टाकलं: उमेदवाराची अखेर कबुली.' योगराजांनी माझा खुलासा आणि पार्टीचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पुडीचं वजन काढलंय. शीर्षक: 'तिखटावरून यू-टर्न.' गटारीचं पावणेदोन पान जागेअभावी गेलं असणार. मोहिनी म्हणाली, आता गप्प बसा. गप्प बसून कोणी निवडून आलंय का? आबा आलेत, असं ती म्हणाली.

२१ डिसेंबर
लाइव्ह चर्चेत बोलावलं. विषय: 'लाल की हिरवी?' एक हॉटेलवाले, एक आबांचे कार्यकर्ते, एक राजकीय विश्लेषक आणि मी. विश्लेषक म्हणाले, हा भरताच्या आडून धुळ्याचा अजेंडा आहे. मी दुकानातूनच बोललो. गटारीचं पाणी आत आलं होतं म्हणून पाय स्टुलावर घेतले होते. मी म्हटलं, मोबाइल खाली वळवून पाणी दाखवतो. योगराज म्हणाले, भाऊ, विषयांतर नको, लोकांना उत्तर पाहिजे. मग लोकांना उत्तर दिलं. हिरवी, असं म्हणालो. कार्यक्रम संपल्यावर पाणी उपसलं. चर्चा पाहणारे पुष्कळ होते, म्हणजे लाट आहे.

२६ डिसेंबर
मास्टरस्ट्रोक. चौकात जाहीर भरीत, फक्त हिरवी मिरची, कालथा पहिल्यापासून माझ्याच हातात. मोहिनी आली नाही. तेल जास्त तापलं, मिरची टाकली आणि असा ठसका बसला की डोळ्यांतून धारा लागल्या. कॅमेरे धावले. तेवढ्यात आबा आले, माझ्या पाठीवर हात ठेवला, जमिनीवर मांडी घालून बसले आणि दोनदा भरीत मागून घेतलं.

संध्याकाळच्या बातम्या. मी: 'बाहेरच्या उमेदवाराला अश्रू अनावर.' आबा: 'भूमिपुत्राचं मोठं मन.' भरीत माझं, शेगडी माझी. फोटोत आबांच्या मागे माझा खांदा दिसतो. पांढरा शर्ट उठून दिसतोय.

४ जानेवारी
मतदान. रस्त्यात सगळे ओळखतात. पोरं 'तिखटकाका' म्हणून हाक मारतात. युसूफभाई म्हणाले, नाम तो हो गया, भाई. विजयाच्या भाषणात कोणाचाही सूड घेणार नाही, असं ठरवलं आहे.

५ जानेवारी
आबा निवडून आले. पाच जणांत मी चौथा. 'नोटा'पेक्षा जास्त मतं मिळाली, हे एकाही पत्रकाराने छापलं नाही. पेपरचं विश्लेषण: 'लाल तिखटाने बुडवलं.' त्याच्याच शेजारी चौकट: 'प्रचाराच्या दगदगीनंतर आबा विश्रांतीसाठी पुण्याला.'

आज वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दुकानात एक म्हातारे आले, नवीन चष्मा लावून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही ते बाहेरचे का. गेली दहा वर्षं त्यांना नंबर मीच काढून देतोय.

७ जानेवारी
चूक सापडली. माणूस बरोबर होता, गाव चुकलं. आपल्या मातीतून उभं राहायला हवं. दोंडाईचात शाळा झाली, वडिलांचं घर तिथे, निम्मी पेठ ओळखीची. तिथे मला पार्सल म्हणण्याची कोणाची टाप आहे? गिरधरला फोन केला. तो म्हणाला, ये ना भाऊ, आठे बठ्ठा आपलाच शेतस. इथे सगळे आपलेच, हे ऐकून छाती भरून आली. मोहिनीला म्हटलं, चल. ती म्हणाली, मी घरातलं गटारीचं पाणी बघते, तुम्ही या जाऊन.

९ जानेवारी, दोंडाईचा
सकाळी पोचलो. गिरधरची बायको प्रमिलाबाई हिने कपाटातले चांगले कप काढले. नवा टॉवेल दिला. भाजी कोणती चालेल, ते विचारलं. मी म्हटलं, घरात जे असेल ते. ती म्हणाली, असं कसं, तुम्ही केव्हातरी येता. परतीची गाडी किती वाजता, तेही विचारलं. डबा बांधायचा असणार.

दुपारी पेठेत फिरलो. चार दुकानांत शिरून पुढच्या निवडणुकीचं सूचित केलं. लोकांनी चहा पाजला आणि जळगावात थंडी कशी आहे, ते विचारलं.

संध्याकाळी इथल्या एका न्यूज पोर्टलचा माणूस घरी आला. बातमी लगेच पसरते, हे चांगलं लक्षण. मी शर्ट बदलून आलो, खुर्चीत ताठ बसलो. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि गिरधरला विचारलं, हे कोण?

गिरधर अभिमानाने म्हणाला, हाऊ मना मोठा भाऊ. जळगावना शे.

मी लगेच दुरुस्ती करणार होतो. पण कुठला म्हणून सांगू, ते काही सुचेना.