वरचा मजला आणि कमलिनीची ढाल

मी, दयाराम लहानू कापगते, वय ७४, शिक्षण सातवीपर्यंत, स्टील प्लांटमधून निवृत्त क्रेन ऑपरेटर, राहणार नेहरू नगर, भिलाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बीपीची गोळी सकाळी घेतलेली आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते का रद्द केले, हे कलम तीनमध्ये येईल.

एक. खालचा मजला मुलगा प्रशांत याला द्यावा. तो पुण्याला असतो. इथे आला तर परत जाताना गॅस बंद केला का, ते दोनदा पाहावे.

दोन. लोखंडी शिडी धाकटा भाऊ रामाजी याला. रविवारी माझ्या घरी फासे पडतात म्हणून त्याने सोयऱ्यांत "दयारामच्या घरी जुगार चालते" असे पसरवले. तरी शिडी त्यालाच. चढताना खालून कोणीतरी धरावी, तिचा एक पाय आखूड आहे.

तीन. वरचा मजला. मुलगी सोनल हिचे लग्न झाले तरच तो तिच्या नावावर व्हावा, तोवर प्रशांतच्या ताब्यात राहावा, अशी जुनी अट होती. सोनल चाळिशीला आली. एकटी बाई, उद्या कोणी फसवले तर, या विचाराने मला झोप लागत नसे. माझी पत्नी कै. कमलिनी त्या अटीवरून माझ्याशी शेवटपर्यंत भांडली.

सोनल घरून कंपनीचे काम करते. एका खेळात प्रत्येक जण एक माणूस कल्पून घेतो आणि टेबलाभोवती फासे टाकत सगळे मिळून त्यांची गोष्ट पुढे नेतात. तो माणूस कॉम्प्युटरवर घडवून देणारा प्रोग्राम ती लिहिते. कोणाला किती ताकद, कोणते हत्यार, कोणती विद्या, सगळे नियम त्यात आहेत.

मीही एक माणूस घडवला. औषधपाणी करणारी बाई, नाव कमलिनी. वय वाढवले तशी ताकद उतरली, उचलायचे ओझे कमी झाले, समज मात्र वाढली. मी एकच आकडा हलवला होता, सगळे पान आपोआप हलले. देवळात बसतो तसा मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. एवढ्या सगळ्याचा विचार माझ्या मुलीने आधीच करून ठेवला होता.

मग मी कमलिनीला मोठी लोखंडी ढाल दिली. ती ओळ लाल झाली: वैद्याला ही ढाल चालत नाही. पुढे जायचे बटण दबेना.

"माह्या हातानं बिघडलं का वं?"

"नाही बाबा, घाबरून कावून राहिले? नियमाचं लॉक आहे ते. पण आईले ढाल कावून पायजे?"

"ते तुह्यासाठी माह्यासमोर उभी राहे ना."

सोनलने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुमच्या क्रेनमध्ये चुकलं की काय होये? थांबे, का नुसतं सांगे?"

मी सांगितले, दोन्ही. हूक पार वर गेला की लिमिट स्विच क्रेन थांबवतो, कारण तिथे माणूस मरेल. बाकी ठिकाणी भोंगा वाजतो, पुढचे ऑपरेटरने पाहायचे.

"मंग ढालीनं कोन मरते?" ती म्हणाली.

तिने प्रोग्राम बदलला. आता ओळ लाल होते, काय चुकले ते सांगते, पण बटण उघडे राहते. पुढे खेळणाऱ्यांनी ठरवायचे. रविवारी तिचे मित्र सुमेध आणि हर्षल आले. सुमेधने लाल ओळ वाचली.

"काकू ढाल घेऊन आल्या तर त्यायले हटवन कोन? तू हटवतं का बे, हर्षल?"

"मले जीव प्यारा आहे," हर्षल म्हणाला.

त्या दिवशी कमलिनी पुलावर सर्वांच्या पुढे उभी राहिली. जिला एकूण एक नियम पाठ, त्या सोनलनेच वाट मोकळी ठेवली. एवढे मोठे मन तिच्यात कुठून आले, मला अजून उमगलेले नाही.

म्हणून मीही माझ्या अटीचे लॉक काढले; वरचा मजला माझ्या मृत्यूच्या दिवसापासून सोनलचा. लग्न होवो न होवो.

चार. खेळातली कमलिनी कोणी पुसू नये. ढालही राहावी आणि लाल ओळही.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

दयाराम लहानू कापगते

साक्षीदार:
१. सिंधुताई, शेजारीण (सही)
२. सुमेध, सोनलचा मित्र, राहणार हुडको वसाहत (सही)

भिलाई, दि. १६ नोव्हेंबर २०२५

सह्यांच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणून हे इथे, लाल शाईने: सोनल, रात्री दाराला आतून कडी लावत जा. कोणी चांगला भेटला तर विचार कर.