तळं नकाशात नाही

१० मे १९६५, सोमवार. सकाळी ७. मेढा एस.टी. स्टँड.
आजपासून रोज डायरी. सगळे मोठे प्रवासी लिहितात. मी गोपाळकृष्ण, वय सोळा, एन.सी.सी. कॅडेट, साताऱ्याहून. सोबत धाकटी बहीण शरयू, वय तेरा. मुक्काम आत्याकडे, भैरववाडीला. आत्याचे यजमान नानासो तिथं फॉरेस्ट गार्ड आहेत. मोहिमेचा लीडर मी. शरयूचं मत घेतलं नाही. गरज नव्हती.

८ वाजता. आत्यानं आम्हाला न्यायला धोंडीबा नावाचा म्हातारा पाठवलाय. तो म्हणतो, खालची वाट आता ऱ्हायली न्हाई, धरणाचं पाणी आलंय, वरनं डोंगरानं जायाला पायजे. पाच तास! माझ्याकडे अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कचेरीतला तालुक्याचा नकाशा आहे. सरकारी, शिक्क्यासकट, १९४९ चा. त्यात खालची वाट स्वच्छ दाखवलीय. अडीच तास. आणि धरण तिकडे कोयनानगरला. इतक्या लांब पाणी कशाला झक मारायला येईल? धोंडीबा शिकलेला नाही, त्याला दोष देत नाही.

८.२०. धोंडीबा चहाला गेला. आम्ही निघालो. शरयू म्हणाली, सांगून तरी जाऊ. म्हटलं, लीडर सांगत नसतो, ऑर्डर देतो.

दुपारी १. एक डोंगर सर. डबा उघडला. शरयू म्हणाली, दोन दशम्या संध्याकाळला ठेवू. संध्याकाळी आत्याकडे गरम जेवण असताना शिळ्या दशम्या? मी संपवल्या. तिच्याही, वाया जाऊ नयेत म्हणून.

४ वाजता. समोर तळं. अवाढव्य! नकाशा तीनदा उघडला. नदी आहे, गाव आहे, गावात देऊळसुद्धा आहे. तळं नाही. निष्कर्ष : तळं तात्पुरतं असावं. शरयू म्हणते, हे धरणाचंच पाणी, गाव खाली बुडालंय. पाण्यातून एका झाडाचा शेंडा वर आला होता. मी तिकडे मुद्दाम बघितलं नाही.

५.३०. परत चढायला लागतो तोच शरयूचा पाय मुरगळला. फर्स्ट एडच्या पुस्तकातल्याप्रमाणे रुमालानं घट्ट बांधला. शरयू म्हणाली, दादा, दुखतोय तो दुसरा. आजचा मुक्काम इथंच, पाण्याच्या काठी. असं आधीपासून मनात होतंच.

११ मे, मंगळवार. सकाळी.
झोप ठीक. म्हणजे लागली नाही. नाश्ता करवंदं. जेवणही करवंदंच दिसतंय. तोंड चिकट झालंय.
शरयूनं सुचवलं : काल वर खिंडीत म्हशी दिसल्या होत्या. म्हशी आहेत म्हणजे माणसं असणार. दादा, तू एकटा जा, तासाभराची तर चढण, मी इथं बसते.
सूचना चांगली आहे. पण लीडर जखमीला सोडून जात नसतो. ठराव : उद्या सकाळी ठीक सहाला निघणे. म्हणजे जखमीला एक दिवस आराम मिळेल.

दुपारी. विस्तव पेटवायचा प्रयत्न. काड्यापेटी काल पाणी भरताना खिशात होती, भिजली. माझ्या खिशात, पण तिनं आठवण करून द्यायला नको?

१२ मे, बुधवार. ६.००.
निघालो.
६.१५. परत आलो. काठी विसरली होती.
६.३०. पुन्हा निघालो.
७.००. परत. झाडीत काहीतरी भुंकलं. वाघ असावा. शरयूच्या संरक्षणासाठी धावत आलो. ती म्हणते, भेकर. वाघ कधी भुंकतो का? आता इथले वाघ काय करतात ते हिला काय माहीत.
मग तिनं पाठ फिरवली आणि पायावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी ३. शरयूला ताप. कपाळाला हात लावला तर चटका बसला. पाय मांडीएवढा सुजलाय. रुमाल भिजवून ठेवतो, दोन मिनिटांत गरम होतो. पुन्हा भिजवतो. दुसरं काय करायचं ते पुस्तकात आहे, पुस्तक साताऱ्याला आहे.

५ वाजता. ती म्हणाली, दादा, तू भिऊ नकोस. मी भ्यालेलो नाही!

५.१०. मी खूप भ्यालोय. एकट्यानं त्या झाडीत पाऊल टाकवत नाही. हिला काही झालं तर मी आईला काय सांगू? हे पान नंतर फाडायचं.

ठराव : उद्या पहाटे निघणे. काहीही भुंकलं तरी.

१३ मे, गुरुवार. सकाळी ७.
उठायला उशीर झाला. शरयू नाही. काठीही नाही. माझ्या उशाशी पानात करवंदं ठेवली आहेत. वर चढणीला पालापाचोळ्यातून बसून सरकत गेल्याच्या खुणा.
हाका मारल्या. उत्तर नाही. तिच्या मागं गेलंच पाहिजे. दहा मिनिटांत निघतो.

८.३०. निघतो.

१०. इथं कुणीतरी थांबायला हवंच. ती परत आली तर चुकामूक होईल.

१२. खुणांच्या मागं वीस पावलं गेलो. एका दगडाला रक्त होतं. परत येऊन बसलो.

३ वाजता. देवा, तिला काही होऊ देऊ नकोस. मी बसलोच आहे. मला उठता येत नाही.

१४ मे, शुक्रवार. भैरववाडी.
शरयू जिवंत आहे. तापलेल्या अंगानं, काठीवर आणि बसून सरकत ती खिंडीपर्यंत गेली. तिथं म्हशी चारणाऱ्या जाईबाईनं तिला उचलून वाडीत आणलं. काल संध्याकाळी धोंडीबा मला न्यायला खाली आला. स्टँडवर आम्ही दिसलो नाही तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरं परतीच्या गाडीनं साताऱ्याला गेली. म्हणून कुणी शोधलं नव्हतं. त्यानं मला हाताला धरून वर आणलं. शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या.

आज सगळी वाडी बघायला जमली. नानासोंनी विचारलं, असल्या पायानं ही पोर एकटी वर आली कशी? मी जमिनीकडे बघत होतो. शरयू म्हणाली, दादानं पाठवलं. दादाला वाट माहीत होती, त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं, आणि तो सामान राखायला थांबला.
ती माझ्याकडे बघत नव्हती. बाकी सगळे बघत होते. धोंडीबा म्हणाला, पोरगं लय धीराचं हाय. मी मान डोलावली.

मग आत्यानं मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, कुणाला ठसका लागला नाही. जाईबाई म्हणाली, बगा, केवढी लागली व्हती. शरयूची काढा, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण म्हटलं असतं तर आत्यानं विचारलं असतं, का?