सव्वा इंच आणि अकरावं नाव

प्रिय सखाराम,

बावीस यार्डांची काथ्याची चटई, शिवणीच्या लाकडाच्या चार बॅटी, सागवानी स्टंप, शिसवी बेल्स, धावफलकाचे पत्र्याचे आकडे आणि स्टंपांपासून मोजून क्रीज आखायची चार फुटी काठी. आपल्या जिमखान्यासाठी हे सगळं मी या दोन हातांनी केलं. कुणा मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो नाही. मुंबईहून आलेली वस्तू एकदा उलटसुलट बघायची आणि घरी येऊन तशी उतरवायची, एवढीच माझी शाळा. आता नवं काम आलंय, फणसाच्या लाकडाचा फलक. जिमखान्याचे आजवरचे उत्तम अकरा खेळाडू त्यावर कोरायचे. म्हणून तुला लिहायला बसलो.

अकरा कोण, यावर तीन रविवार जिमखान्याच्या ओसरीवर वाद चालला. तू हवा होतास रे ऐकायला! विकेटकीपर म्हणून नाना पोस्टमन नको, त्याच्या पायांतून आगबोट जाईल, असं एक जण म्हणाला. त्यावर दुसरा म्हणाला, जाऊ दे की, पण त्याच्या जिभेने किती गडी बाद केले ते मोजा. नाना समोरच बसला होता. त्याने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. अशी दहा नावं ठरली.

अकरावं अडलं. मिरकरवाड्याचा सखाराम, की आपले अध्यक्ष वकीलसाहेब यांचा पुतण्या? नाना म्हणाला, सख्यासारखा फटका सड्यावरच्या मैदानात परत कुणी मारला नाही. तेव्हा वकीलसाहेब हळूच म्हणाले, "खेळाडू मोठाच. पण ऐन वेळी धावला नाही, हे गावाला ठाऊक आहे."

 मी ते ऐकून घेतलं. रागावलास?

मुंबईकरांविरुद्धची ती दुपार तुला आठवतच असेल. शेवटची जोडी, जिंकायला दोन धावा. दुसऱ्या धावेला तू माझ्या टोकाला येत होतास. बॅट पुढे टाकलीस, ती माझ्याच चटईच्या काथ्यात अडकली आणि तेवढ्यात बेल्स उडाल्या. अंपायर मी. बॅट रेघेच्या पाऊण इंच बाहेर, मी डोळ्यांनी पाहिलं. बोट वर केलं. पाऊण इंचाचा माणूस म्हणून तेव्हा माझी छाती फुगली होती, हेही लिहितो.

तू वाद का घातला नाहीस? एक शब्द बोलला असतास तर मी पुन्हा मोजलं असतं. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि उन्हातून चालत गेलास. सख्या मुद्दाम हळू धावला, त्याला मुंबईकरांनी फितवला, हे त्याच संध्याकाळी बाजारात सुरू झालं. तू पुन्हा बॅटीला हात लावला नाहीस.

महिन्याभराने मी देवळाच्या दाराची चौकट केली, ती बसेना. माझी चौकट बसत नाही? नवी पोलादी पट्टी आणून काठी मोजली. सड्याच्या जांभ्या दगडावर टेकून टेकून काठीचं टोक चिरलं होतं, म्हणून ते कापून मी हौसेने पितळी शेंबी, म्हणजे टोपी, बसवली होती. पण कापलं जास्त, शेंबीने भरलं कमी. काठी चार फुटांना सव्वा इंच कमी. म्हणजे त्या दिवशीची रेघ सव्वा इंच स्टंपांकडे सरकलेली होती. म्हणजे तू अर्धा इंच आत होतास.

तडक मिरकरवाड्याला आलो. तू जाळं विणत होतास. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "तुजी काठी कवा चुकायची नाय, विष्णूदा. मीच कमी पडलो असन."

आणि मी गिळलं, सखाराम. तुझ्या तोंडून ते ऐकायला इतकं गोड वाटलं की मी चहा पिऊन परत आलो. उद्या सांगू म्हटलं. त्याच आठवड्यात तुझी होडी पूर्णगडच्या पुढे गेली ती आलीच नाही.

तेव्हापासून क्रीज आखताना मला वर बघवत नाही. रेघेवर सावली पडते. काथ्यावर बॅट घासल्याचा आवाज येतो. तू काही बोलत नाहीस, तेव्हाही बोलला नव्हतास. बोल ना एकदा.

काल चौथ्या रविवारी ती काठी आणि पोलादी पट्टी घेऊन ओसरीवर गेलो. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हटलं, सखाराम आत होता, चूक माझी. नानाने स्वतः मोजलं, दोनदा. मग चष्मा काढून नुसता पुसत बसला. वकीलसाहेबांनी काठी उचलून कोपऱ्यात उभी केली आणि मला अंगणात बोलावलं.

तुला शब्द देतो. फलक होईल, पण माझ्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लागेल. तिसऱ्या क्रमांकावर तू असशील, कारण तिथेच खेळायचास. खाली ती काठी शेंबीसकट टांगीन आणि विचारील त्याला सव्वा इंच दाखवीन.

अंगणात वकीलसाहेब म्हणाले होते, काठीचं इथेच विसर, आम्ही देऊ ती अकरा नावं कोर, कोपऱ्यात कारागीर म्हणून तुझं नाव घाल. पन्नास रुपये देऊ करत होते. मी नको म्हटलं.

तुझा,
विष्णू