आधी कांदा

आई, माझ्या लेकीने नाक माझं घेतलं आणि फिट तुझी. सतरा वर्षांची आहे, महाडला कॉलेजात जाते. बोलता बोलता तिचा डावा हात वळतो, मग सगळीच कोसळते. गोळ्यांनी काही हटेना, म्हणून वीर स्टेशनावरून गाडी धरून तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, फिट जिथून सुरू होते, मेंदूच्या त्या जागी रक्त धावून जातं. तेव्हाच औषध टोचलं तर ते रक्ताबरोबर तिथे जाऊन बसतं आणि नंतरच्या फोटोत जागा दिसते. जागा सापडली तर ऑपरेशन. उशीर झाला तर फिट मेंदूभर पसरते, मग काही कळत नाही. फिट यावी म्हणून तिच्या गोळ्या कमी केल्या, डोक्याला वायरी लावल्या, नर्स इंजेक्शन घेऊन तयार. माझं काम एकच, हात वळला की बेल दाबायची.

जिला जन्मभर शिव्या घातल्या त्या फिटची वाट बघत तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी भाकरीचा डबा उघडला आणि तिचा हात वळला. मी काय करावं? डब्यातला कांदा बुक्कीने फोडला आणि तिच्या नाकाशी धरला! नऊ वर्षांची होते मी. तू चुलीपुढे पडलीस, मी घाबरून अंगणात हाका मारत सुटले, तुझं मनगट निखाऱ्यावर भाजलं. शुद्धीवर आल्यावर माझा कान पिरगळलास, "माणसं मंग बोलवायची गो, आधी कांदा!" बेल आठवली तेव्हा पोरीचं सगळं अंग झटके देत होतं.

फोटोत काही धड दिसलं नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून "उशीर झाला, बाई" एवढंच सांगितलं. पुन्हा नंबर कधी लागेल, देव जाणे. तुझ्यावर चिडू तरी कशी? तुलाही कुणीतरी हेच शिकवलं असणार.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, माझ्या डोक्यात सगळंच बिघडलंय काय गो? म्हणून जागा सापडत नाय?" नाय गो बाय, बेल मी उशिरा दाबली, एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं. तिला येतं, म्हणून हा कागद आता चुलीत घालते.