माझ्या आवाजात म्हणे राग

६ जाने.
नापास. अलिबागच्या हॉस्पिटलात आजाऱ्यांचे फोन घ्यायची नोकरी. मुलाखतीला माणूस नव्हताच, मोबाईलवर मशीन. उत्तरं सगळी बरोबर, शेरा: ‘स्वर आक्रमक’. आक्रमक! पेशंटचा पत्ता विचारत होते मी, भांडत नव्हते. रेवदंड्यात राहून करता येईल अशी ही एकच. नाहीतर पुण्याला मावशीकडे...

७ जाने.
त्याच मुलाखतीत मुग्धा पास. शाळेपासूनची मैत्रीण, सुपारीच्या वाडीवाली. त्यांच्या घरात हळू बोललेलं माजघरात पोचतं. आमचे बाबा होडीत, आई काठावर, मधे वारा. घसा मोकळा सोडल्याशिवाय कोण ऐकणार? कोळीवाड्यात कुणी हळू बोललं तर काहीतरी लपवतंय असं समजतात. त्या मशीनला आमचा एक तरी आवाज ऐकवला होता का कुणी?

९ जाने.
हॉस्पिटलात जाऊन विचारलंच, कोळणीचा आवाज म्हणून नापास का? मॅनेजर: “मशीनला जातपात नसते, मॅडम.” वा! ज्यांनी पढवलं त्यांचीच री ओढणार ना ते. म्हटलं, आमच्याकडचा माणूस छातीत कळ आली की ओरडूनच फोन करतो. त्यालाही आक्रमक ठरवणार? साहेब: “पुन्हा एकदा देऊन बघा. जरा सौम्य.” संताप संताप झाला. तरी हो म्हणून आले.

१३ जाने.
मुग्धाकडे सराव. बिचारी जीव तोडून शिकवते आणि मला तिचाच राग येतो. जीभ वळावी म्हणून घरीही तसंच बोलायचं ठरवलं. आई: “ताप आलाय का गो? तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?”

२२ जाने.
पास. ‘स्वर आश्वासक’. तीच मी, तीच उत्तरं! पेढे वाटू की शिव्या घालू? आईने देवापुढे नारळ फोडला. मला मेलीला आनंदच होईना. सोमवारी हजर व्हायचंय.

२३ जाने.
आईच्या मोबाईलवर बाबांचा फोन. दोन दिवस समुद्रात, खाडीच्या तोंडाशी येताना रेंज मिळाली. मीच उचलला, नोकरीचं सांगितलं. मागे इंजिनाची धडधड.
“कोन बोलतंय?”
पुन्हा सांगितलं. तसंच, आश्वासक.
“ताई, आमची पोर हाय का तिथं? तिला द्या जरा.”
‘मी, बाबा, मीच!’ असं ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.